दाराबाहेरच्या चपला

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी मी त्याच्या चपलेकडे बघते. ही खोड आता जायची नाही. लग्नाला गेलं तरी कार्यालयाच्या दाराशी मी रेंगाळते आणि आमचे हे वैतागतात, "चल आत, चोरायच्यात का कुणाच्या?" चोरायच्या नसतात. पण डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली की मला कळतं, या माणसाचा गुडघा बाहेर वाकलाय. एक चप्पल जुनी आणि दुसरी कोरी वाटली, तर तो एका पायावर भार देत नाही. आणि पुढचं टोक, अंगठ्याखालचं, घासून गेलेलं असलं, तर पाऊल जमिनीवरून उचललंच जात नाही, ते फरफटतं. एवढं कळायला कुठलंही यंत्र लागत नाही.

मी नाशिकच्या एका धर्मादाय इस्पितळात पुनर्वसन विभागात तीसहून जास्त वर्षं काढली. पुनर्वसन म्हटलं की लोकांना वाटतं धरणग्रस्तांचं ऑफिस. कितीतरी जण सातबारा घेऊन आमच्या दारात आलेत. आणि फिजिओथेरपिस्ट म्हटलं की मालीशवाली. आमच्या सोसायटीतल्या एक बाई अजून मला भेटल्या की पाठ पुढे करतात. तर आमचं काम थोडक्यात असं की डॉक्टर हाड जोडतो, नस मोकळी करतो, आणि मग तो माणूस पुन्हा चालेल, जेवेल, वेणी घालेल, याची जबाबदारी आमच्यावर येते. औषध एकच, त्याच त्याच हालचाली रोज करणं. जगात यापेक्षा कंटाळवाणं औषध नसेल, म्हणून प्रत्येक पेशंट आमच्याशी खोटं बोलतो.

पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांचा खांदा आखडलेला. ओढायला म्हणून मी त्यांना रबरी पट्टा दिला होता. दर आठवड्याला यायचे आणि सांगायचे, "मॅडम, सकाळ-संध्याकाळ करतो, एक दिवस चुकवला नाही." एकदा रुमाल काढायला गेले आणि खिशातून पट्टा पडला. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेला नव्हता. दोघंही त्या पट्ट्याकडे बघत बसलो. मग ते म्हणाले, "आजपासून करतो." अशी खोटी बोलणी मी कोळून प्यायले होते. आळसाचं खोटं मला दारातून ओळखू यायचं. दुसऱ्या जातीचंही खोटं असतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते ज्या पायावर कळलं त्याबद्दल मी आज लिहिणार आहे.

आधी ती नस समजून घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. त्याला वळसा घालून एक नस पायात उतरते, अगदी कातडीला लागून. पाऊल वर उचलायचं काम तिचं. माणूस तासन्‌तास उकिडवा बसला की ती दबते. थोडा वेळ बसलं तर मुंग्या येतात, उठलं की जातात. पण उन्हाळी कांदा काढायला बसलेली बाई दिवसभर उकिडवीच असते. हातात विळा, पात कापायची, मुळ्या कापायच्या, तसंच पुढे सरकायचं. असे पंधरा-वीस दिवस गेले की एका सकाळी ती उठते आणि पाऊल लोंबतं. चालताना चप्पल निसटून मागे राहते आणि तिला पत्ता नसतो. लासलगावच्या बाजूला कांदा निघायला लागला की पुढच्या महिन्याभरात आमच्याकडे असे पाय यायचे, आणि बहुतेक सगळे पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांचे. त्या डोंगरातून कामाला खाली येतात.

यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. दाब काढला, थोडा व्यायाम केला, की बरेच पाय आपोआप उठतात. पण काही उठत नाहीत. तीन-चार महिने वाट बघूनही पाऊल हललं नाही, तर नसेची तपासणी करून ती शस्त्रक्रियेने मोकळी करावी लागते. तिथे उशीर झाला की स्नायू वाळतात, आणि मग नस मोकळी करूनही उपयोग नसतो. सगळा खेळ वेळेचा.

आमचे विभागप्रमुख माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, इस्त्रीतले. त्यांनी या पायांवर संशोधन काढलं. निम्म्या पेशंटना प्लास्टिकची पट्टी द्यायची, जी पावलाला खालून आधार देते, आणि निम्म्यांना नव्या यंत्राचा करंट. व्यायाम दोघांना सारखाच. कुणाचा पाय लवकर सुधारतो ते बघायचं. कल्पनेत खोट नव्हती, हे मी आजही म्हणते. पाय मोजायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण माझ्या हाताइतका अंदाज विभागात कुणाचाच नव्हता. हे त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मी फुगले.

मोजणाऱ्याला एक अट असते. कुठल्या पेशंटला कुठला उपचार मिळतोय हे त्याला कळता कामा नये. कळलं, तर मन नकळत एका बाजूला झुकतं आणि आकडे बिघडतात. आता पट्टी लावलेल्या बायका पट्टी मावावी म्हणून कॅनव्हासचे मोठे बूट घालायच्या, करंटवाल्या आपल्या साध्या चपलेवर. आमच्याकडे आत येताना चपला बाहेर काढतात. म्हणजे ती रांग बघितली की मला सगळं कळणार. सरांनी हसत सांगितलं, "मॅडम, तुमचा काही भरवसा नाही. तुम्ही चपलेवरून कुंडली मांडता. अभ्यास संपेपर्यंत मागच्या दाराने यायचं." मीही हसले. आणि मी ते पाळलं. तीस वर्षं ज्या दाराने आले ते सोडून कपडे धुवायच्या खोलीजवळच्या दाराने यायला लागले. पेशंट मोजायच्या खोलीत अनवाणी यायच्या. पेशंटशी बोलायचं तेही छापील कागदावरचंच. "पाऊल वर उचला. सोडा. पुन्हा उचला." इकडची तिकडची विचारपूस करायची नाही.

सोनी गावित आली ती होळीनंतर. तिशीची असेल. पेठच्या पुढे दरीतल्या एका पाड्यावरची. हडकुळी, नाकात मोरणी, आणि हसताना तोंडावर पदर धरायची. उजवं पाऊल लोंबत होतं. घोटा धरून मी म्हटलं, पाऊल वर उचला. नडगीवरचा स्नायू जरासा थरथरला, पाऊल तिथेच. आम्ही शून्य ते पाच आकडे देतो. काहीच नाही तर शून्य. नुसता थरथरला तर एक. पाय आडवा ठेवून हलला तर दोन. स्वतःचं ओझं पेलून वर आला तर तीन. माझ्या हाताचा दाब सोसला तर चार आणि पाच. मी एक लिहिलं.

मग प्रश्नावली. बाहेरच्या कुठल्याशा देशात तयार झालेली, मराठीत उतरवलेली. जिना चढताना त्रास होतो का?

"आमच्याकडं जिना नाय, बाई," सोनी म्हणाली.

तिथे 'लागू नाही' अशी खूण करायची होती. बाजारात खरेदी करताना, गाडी चालवताना, सगळीकडे लागू नाही. चुलीपुढे बसता येतं का, ओढ्याच्या दगडांवरून हंडा आणता येतो का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. मी सरांना म्हटलंही, की दोन प्रश्न आपले घालूया. ते म्हणाले, "प्रश्नावलीला हात लावला तर पेपर कोण छापेल?" शेवटी सूचनांचा कागद वाचून दाखवायचा होता. त्यातलं पहिलं वाक्य, उकिडवे बसू नये. सोनी पदराआड हसली. "मंग कुठं बसू?" याचं उत्तर कागदावर नव्हतं, म्हणून मी पुढचं वाक्य वाचलं.

दीड महिन्याने आली तेव्हाही एकच. थरथर जराशी जास्त वाटली, पण आकडा तोच. मी विचारलं, कारण कागदावर होतं, "आधीपेक्षा किती बरं वाटतं? शून्य ते दहा."

"धा," ती म्हणाली.

मला हसू आलं. असे दहा देणारे बरेच असतात. त्यांना आकडा म्हणजे आपल्याला विचारलेल्या गणिताचं उत्तर वाटतं. मी दहा लिहिलं. मला वाटलं, स्नायूचा आकडा माझ्या हातात आहे, तो काही फसणार नाही.

तिसरी आणि शेवटची मोजणी तीन महिन्यांनी. हीच खरी. इथे दोन किंवा त्याखाली आकडा आला, तर त्याच आठवड्यात नसेची तपासणी आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी, असं अभ्यासातच ठरलेलं होतं. तीन आला, तर 'सुधारला', आणि घरी व्यायाम करा. म्हणजे सोनीचा पाय त्या दिवशी माझ्या एका आकड्यावर होता, आणि हे मला ठाऊक होतं. पुढे जे सांगते ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

त्या दिवशी सकाळी शोभामावशी मागच्या दाराशी आल्या. मावशी म्हणजे आमच्या विभागाच्या आया. दाराबाहेरच्या चपला नीट लावून ठेवायचं कामही त्यांच्याकडेच, आणि चपला वाचायला त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाई, ती गावितांची सोनी आलीय. तिची चप्पल जरा..."

मी हात वर केला. "मावशी, चपलांचं नाव काढायचं नाही. किती वेळा सांगितलंय?"

"अहो, पण ऐकून तर घ्या."

"नको. मला ते कळायला नको. सगळा अभ्यास वाया जाईल."

मावशी फडकं घेऊन निघून गेल्या. मला त्या वेळी स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खोटं कशाला सांगू. बघा, किती काटेकोर आहे मी.

सोनी खुर्चीवर बसली. मी घोटा धरला. पाऊल वर उचला. आणि पाऊल वर आलं. पुरतं नाही, पण आलं. मी चमकले. एकावरून एकदम तीन? म्हटलं, पुन्हा उचला. तिने पाऊल आधी खाली दाबलं आणि मग सोडलं, ते वर आलं.

आता हे आमच्या धंद्यातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे. पाऊल जोरात खाली दाबून एकदम सैल सोडलं की ते आपोआप वर उसळतं, दाबलेली डहाळी सोडल्यावर उसळते तसं. त्यात उचलणाऱ्या स्नायूचा काही हात नसतो. कॉलेजच्या मुलींना मी हे स्वतः शिकवलंय आणि त्यात फसल्या म्हणून वर्गात उभं केलंय. सोनीची नडगी माझ्या बोटांखाली होती. तिथे ताण यायला हवा होता. आला का? मला वाटलं आला. मला वाटलं नाही आला. नियम असा की शंका आली तर एकदाच पुन्हा करून घ्यायचं आणि ठरवायचं. आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू तीच मला काहीतरी देत होती.

"आधीपेक्षा किती बरं?"

"धा. लय गुन हाय, बाई. पाय बरा हाय."

मी तीन लिहिलं. खाली सही केली.

तिच्यानंतर आणखी चार पेशंट राहिले होते, ते झाले आणि मोजणी संपली. मी पुन्हा पुढच्या दाराने यायला लागले. सरांनी आकडे लावले, निबंध लिहिला, परिषदेत वाचला. करंटवाल्या गटात सुधारणा चांगली, असं निघालं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. निबंध छपाईला गेला. माझं नाव शेवटी, आभारांत.

पुढच्या वर्षीच्या पावसाच्या तोंडावरची गोष्ट. मी सकाळी पुढच्या दाराने आत जात होते, सवयीने रांगेवर नजर टाकली आणि पाय थांबला. निळ्या पट्ट्याची बायकी चप्पल. उजवीचं पुढचं टोक गेलेलंच होतं, तीन बोटांएवढं, खालची जमीन दिसत होती. पट्ट्याला मागून सुतळी बांधलेली, घोट्याला गुंडाळायची. डावी धडधाकट. मी आत जाऊन विचारलं, "ही निळी चप्पल कुणाची?"

"माजी," सोनी म्हणाली. ती सासूचा खांदा दाखवायला आली होती. स्वतःच्या पायाचं तिच्या मनातही नव्हतं.

मी तिला बाकावर बसवलं, घोटा धरला आणि दुसऱ्या हाताने पाऊल खालून पेलून धरलं, म्हणजे दाबायला जागाच राहणार नाही. म्हटलं, उचल. काही नाही. नडगीवरचं मांस गेलं होतं, हाडाच्या बाजूला नुसता खळगा. थरथरसुद्धा नव्हती. शून्य.

"हे कधीपासून?"

"तवापासूनच."

"अगं, पण मला तर तू उचलून दाखवलं होतंस."

तिने मान खाली घातली. सासू मध्ये पडली. म्हणाली, "घरी महिनाभर शिकली ती, बाई. दाबून सोडला का पाय उडतो, तसं. पोरांना दाखवायची."

"कशाला?" माझा आवाज चढला. अख्खा विभाग बघायला लागला. "मी काय परीक्षा घेत होते तुझी? खरं का नाही सांगितलंस?"

सोनी हळूच म्हणाली, "तुमी खाली बसून माजा पाय हातात धरायच्या. आमच्यात औशिद देनाऱ्याला तोंडावर गुन नाय म्हनत नाहीत. त्याचा हातगुन जातो. मंग दुसऱ्या कुनालाबी त्याचं औशिद लागत नाय." आणि माझ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं, "तुमच्याकडं किती लोकं येतात."

मला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. बागायतदाराचं खोटं स्वतःसाठी होतं, ते मी दारातून ओळखलं. हिचं खोटं माझ्यासाठी होतं. ते ओळखायची एकच जागा होती, दाराबाहेर. माणसाला भीड असते, चपलेला नसते. आणि तिथे बघायचं नाही असं मी कबूल केलं होतं. एवढंच नाही, सांगायला आलेल्या बाईला मी हात वर करून गप्प केलं होतं. मावशींना मी नंतर विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगत होतात? त्या फडकं पिळत म्हणाल्या, "हेच. टोक झिजलंय आणि सुतळी बांधलीय. तुम्ही ऐकलं कुठं." मला तिच्या उपचाराबद्दल कळायला नको होतं. पाय फरफटतोय हे कळायला कुणी बंदी केली होती? मावशी बोलल्या असत्या तर फार तर त्या एका पायाची मोजणी बाद झाली असती आणि दुसऱ्या कुणी मोजलं असतं. नियमापेक्षा मीच जास्त आंधळी झाले, आणि तेही हौसेने.

त्याच आठवड्यात नसेची तपासणी केली. शस्त्रक्रियेचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "मागच्या पावसाळ्यात आणायला हवं होतं, मॅडम. आता नस मोकळी करून काय उपयोग?" मग दुसरा मार्ग सांगितला. घोट्याच्या आतल्या बाजूचा एक चांगला स्नायूबंध काढून पुढे आणून जोडायचा, तो पाऊल उचलायचं काम करतो. दीड महिना प्लास्टर, मग तीन-चार महिने शिकवणी. सोनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावनी कोन करील?" महिन्याभरात भाताची लावणी सुरू होणार होती. ती सासूला घेऊन दुपारच्या एसटीने गेली.

मी सरांकडे गेले. म्हटलं, माझा एक आकडा चुकलाय, तीन नाही, तो एक होता. निबंध अजून छापून आलेला नाही, दुरुस्त करा. आणि एक चुकला तर आणखी चुकले असतील. त्या सगळ्या बायका तिकडच्याच, सगळ्यांना हातगुणाची तीच भीड. परत बोलावू, चपला बघू.

सरांनी शांतपणे ऐकलं. ते कधी चिडत नाहीत, तेच जास्त लागतं. "मॅडम, तुमच्या भावना कळतात. पण एका पेशंटने निष्कर्ष बदलत नाही. आणि वर्षभराने पाय बिघडला म्हणजे तेव्हा तो सुधारलाच नव्हता, असं कसं म्हणता?"

"तिने स्वतः सांगितलं."

"तिने तेव्हाही स्वतःच सांगितलं होतं." मग फाइल उघडून तो कागद माझ्यापुढे सरकवला. "आकडा तुमचा, सही तुमची. मी तुमच्यावर अविश्वास दाखवू का? आणि छापायचं काय, चपलांवर?"

सही माझीच होती. मी निवृत्तीला तीन आठवडे उरलेली बाई होते. भांडता आलं असतं, वर लिहिता आलं असतं. एक अर्ज लिहिला, तो वर गेला आणि 'नोंद घेतली' असं लिहून परत आला. दुसरा मी लिहिला नाही. याचंही काही समर्थन देत नाही.

निरोप समारंभात शाल, श्रीफळ, सगळं झालं. सर छान बोलतात. म्हणाले, "मोजणारा कसा असावा? आपल्या मॅडमसारखा. चपला वाचणारी बाई, पण संशोधनासाठी वर्षभर त्यांनी चपलांकडे वळून बघितलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभामावशी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. मी नारळ मांडीवर धरून बसले होते, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मी एसटीने पेठला गेले, तिथून जीपने, आणि शेवटचा उतार पायी. सोनीला शस्त्रक्रियेसाठी मनवायचं, एवढं डोक्यात होतं. पाऊस भुरभुरत होता. ती घरी नव्हती, खाचरात होती. पाच-सहा बायका ओळीने वाकलेल्या, गुडघ्याएवढ्या चिखलात, रोपं खोचत मागे मागे सरकत होत्या. त्यांत सोनी कुठली, हे मला पटकन ओळखू येईना. सगळ्या सारख्याच सरकत होत्या.

मला बघून ती बांधावर आली. येताना मात्र कळलं. पुढे चालायला लागल्याबरोबर उजवं पाऊल चिखलात रुतलं, तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून ते उपसलं, टाकलं, पुन्हा उपसलं.

"अशी कशी लावणी करतेस तू?"

"लावनीत मागं मागंच जायचं असतं, बाई," ती हसली. पदर खोचलेला होता, म्हणून मनगटाने तोंड झाकलं. "तिथं काय अडत नाय. पुढं जाताना अडतं."

मी शस्त्रक्रियेचं सगळं पुन्हा समजावलं. प्लास्टर, मग शिकवणी, मी स्वतः येईन, आठवड्यातून दोनदा येईन. ती हो हो म्हणत होती. आता तिच्या हो म्हणण्याची मला भीती वाटते. मी म्हटलं, "सोनी, माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणू नकोस. नसेल यायचं तर नाही म्हण."

तिने नजर वळवली आणि म्हणाली, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर त्या बाजूची माणसं द्राक्षबागांवर जातात, ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. नाही म्हणणं तिला तेवढंच जमलं असावं.

तोवर बाकीच्या बायका कंबर सरळ करत बांधाशी जमल्या होत्या. त्यातली एक वयस्क बाई सोनीला म्हणाली, "ह्या कोन गं?"

"नाशिकच्या बाई," सोनीने सांगितलं. आणि मी समोर उभी असताना, त्या वाळलेल्या पायावर भार न देता उभी राहून म्हणाली, "यांच्या हाताला लय गुन हाय."

त्या बाईने लगेच लुगडं जरा वर घेतलं आणि चिखलाने माखलेला पाय माझ्यापुढे केला. "मंग माजाबी बघा की. कांद्यापासून बधिर झालाय. पन आता बरा हाय तसा."

मी खाली बसले नाही. पाय हातात घेतला नाही. बांधाच्या पलीकडे पळसाच्या झाडाखाली पावसात सहा जोड पडले होते, तिकडे बघत मी म्हटलं, "थांबा, मावशी. आधी तुमची चप्पल कुठली ते सांगा."